सक्रिय म्युच्युअल फंड आणि त्याचा मॅनेजर पारखायचा कसा? कोकणातल्या गुंतवणूकदारांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आंब्याचे पैसे वर्षातून एकदा येतात. १ जून ते ३१ जुलै बोट किनाऱ्याला असते. मुंबईहून येणारे पैसे मात्र दर महिन्याला येतात. तिन्ही प्रकारची घरं आता इक्विटी, म्हणजे शेअरच्या, फंडांत पैसे घालतात आणि तिघांचे प्रश्न जवळपास सारखेच असतात. खालची उत्तरं फक्त इक्विटी फंडांना लागू आहेत. डेट, म्हणजे रोख्यांच्या, फंडांची पारख वेगळ्या मापांनी करावी लागते.

सक्रिय फंड म्हणजे नेमकं काय? इंडेक्स फंडापेक्षा वेगळं काय मिळतं?

इंडेक्स फंड निफ्टीसारख्या निर्देशांकातले शेअर त्याच प्रमाणात घेऊन बसतो. सक्रिय फंडात कोणता शेअर घ्यायचा, किती घ्यायचा आणि कधी विकायचा हे मॅनेजर ठरवतो. बोटीवर जाळं कुठल्या पाण्यात टाकायचं हे तांडेल ठरवतो, तसंच हे. मासळी मिळो न मिळो, डिझेल जळतंच. फंडाचा खर्चही तसाच दररोज एनएव्हीतून, म्हणजे एका युनिटच्या भावातून, कापला जातो, नफा झाला तरी आणि तोटा झाला तरी. म्हणून प्रश्न एवढाच असतो, की इंडेक्स फंडापेक्षा जास्त डिझेल जाळणारा हा तांडेल त्या मोबदल्यात वेगळं काही करतोय का.

फंडाने मागच्या वर्षी ४० टक्के दिले. घ्यायला हरकत आहे का?

एका वर्षाच्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. एका हंगामावरून कुणी कलम चांगलं की वाईट ठरवत नाही, हापूस तर एक वर्ष भरभरून धरतो आणि पुढच्या वर्षी हात आखडतो.

तीन किंवा पाच वर्षांचा एकच आकडाही फसवा असतो, कारण तो सुरुवातीच्या तारखेवर अवलंबून असतो. जानेवारी २०२० च्या शिखरापासून मार्च २०२० च्या तळापर्यंत निफ्टी सुमारे ३८ टक्के पडला होता. त्या तळापासून मोजलं तर जवळजवळ प्रत्येक फंड हुशार दिसतो. जाहिरातीत आकडा दिसला की आधी सुरुवातीची तारीख शोधा.

यावर उपाय म्हणजे रोलिंग रिटर्न, म्हणजे सुरुवातीची तारीख एकेक महिना पुढे सरकवत काढलेले परतावे. ते घरीही काढता येतात:

१. अँफीच्या, म्हणजे फंड घराण्यांच्या संघटनेच्या, संकेतस्थळावरून फंडाची १० वर्षांची महिनाअखेरची एनएव्ही उतरवून घ्या. असे १२१ आकडे होतील. ग्रोथ पर्यायाचीच एनएव्ही घ्या, नाहीतर वाटलेल्या पैशांमुळे हिशेब चुकतो.
२. प्रत्येक आकड्याला त्याच्या ३६ महिने आधीच्या आकड्याने भागा, उत्तराचं घनमूळ काढा आणि त्यातून १ वजा करा. हा त्या ३ वर्षांचा वार्षिक परतावा. असे ८५ परतावे मिळतील.
३. निर्देशांकाचे ८५ परतावे याच पद्धतीने काढा आणि शेजारच्या रकान्यात ठेवा.

आता तीन गोष्टी बघा. ८५ पैकी किती वेळा फंड पुढे होता? त्याचा सगळ्यात वाईट परतावा किती? आणि मागे पडला तेव्हा किती मागे पडला? ८५ पैकी ५५-६० वेळा थोडाथोडा पुढे राहिलेला फंड एका वर्षात डोळे दिपवणाऱ्या फंडापेक्षा बरा, असं आमचं मत आहे. मात्र हे ८५ कालखंड एकमेकांवर चढलेले असतात, म्हणून त्यांना ८५ वेगवेगळे पुरावे समजू नका. दहा वर्षांत ३ वर्षांचे पूर्ण वेगळे कालखंड तीनच बसतात.

तुलना कोणत्या निर्देशांकाशी करायची?

सर्वांत जास्त फसगत इथेच होते. १ फेब्रुवारी २०१८ पासून फंडांना लाभांश धरलेल्या निर्देशांकाशी, म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्सशी तुलना दाखवावी लागते. रोज टीव्हीवर दिसणाऱ्या निफ्टीत लाभांश धरलेला नसतो. त्याच्याशी तुलना केली तर फंडाला दरवर्षी साधारण सव्वा-दीड टक्का फुकट मिळतो.

दुसरी गोष्ट लेबलाची. पेटीवर ‘देवगड’ छापलं म्हणून आतला आंबा देवगडचाच असतो असं नाही, आणि ते आपल्याकडे कुणाला सांगायला नको. सेबीच्या, म्हणजे बाजाराच्या नियामकाच्या, वर्गवारीत बाजारमूल्याने पहिल्या १०० कंपन्या लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप आणि २५१ पासून पुढे स्मॉल कॅप. लार्ज कॅप फंडाला ८० टक्के पैसा पहिल्या शंभरांत ठेवावा लागतो, उरलेला २० टक्के कुठेही जाऊ शकतो. फ्लेक्सी कॅपवर तर फक्त ६५ टक्के शेअरमध्ये असण्याचं बंधन आहे, मोठ्या-छोट्या कंपन्यांचं प्रमाण मॅनेजर ठरवतो.

समजा, एका फ्लेक्सी कॅप फंडात ७० टक्के मोठ्या आणि ३० टक्के मिड कॅप कंपन्या आहेत. फंडाने १२.८ टक्के दिले, मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने ११ आणि मिड कॅपच्या निर्देशांकाने १६. वरवर बघता मॅनेजरने १.८ टक्के जास्त कमावले. आता मिश्रण करा: ११ चे ७० टक्के म्हणजे ७.७ आणि १६ चे ३० टक्के म्हणजे ४.८, बेरीज १२.५. मॅनेजरची खरी कमाई ०.३ टक्के निघाली. बाकीचं मिड कॅपचं भरतीचं पाणी होतं, आणि ते ओहोटीला परत जातं.

मॅनेजरची पद्धत कळणार कुठून? सगळेच ‘दर्जेदार कंपन्या, दीर्घ मुदत’ म्हणतात.

म्हणतात खरं. म्हणून बोलणं एका कागदावर आणि केलेलं दुसऱ्या कागदावर लिहा, मग दोन्ही शेजारी ठेवा.

बोलण्यासाठी योजनेचा माहिती दस्तऐवज, म्हणजे एसआयडी, उघडा आणि त्यातला गुंतवणूक धोरणाचा भाग वाचा. मॅनेजरच्या एक-दोन मुलाखती ऐका. मग चार ओळी लिहा: कसल्या कंपन्या घेतो, किती किमतीपर्यंत घेतो, कधी विकतो, एका शेअरमध्ये जास्तीत जास्त किती पैसा घालतो. ‘कधी विकतो’ ही ओळ बहुतेक वेळा कोरी राहते. ती कोरी राहणं हीसुद्धा माहितीच आहे.

केलेलं बघायला प्रत्येक फंड महिना संपल्यावर १० दिवसांत आपली पूर्ण शेअर-यादी जाहीर करतो. मागच्या चार वर्षांच्या मार्चअखेरच्या चार याद्या उतरवून घ्या. त्यांत पुढच्या गोष्टी तपासा.

पहिले दहा शेअर किती टिकले? ‘पाच वर्षं धरून ठेवतो’ म्हणणाऱ्याच्या पहिल्या दहातले सात शेअर वर्षभरात बदलले असतील, तर पद्धत वेगळी आणि पाटी वेगळी. फॅक्टशीटमधला, म्हणजे फंडाच्या मासिक माहितीपत्रकातला, पोर्टफोलिओ टर्नओव्हर हेच एका आकड्यात सांगतो. २५ टक्के म्हणजे शेअर सरासरी चार वर्षं राहतो, १०० टक्के म्हणजे एक वर्ष. हायब्रिड (शेअर-रोखे मिश्र) फंडांत आर्बिट्राजच्या, म्हणजे दोन बाजारांतल्या भावफरकावर कमावण्याच्या, व्यवहारांमुळे हा आकडा फुगतो, तिथे तो तसाच धरू नका. जास्त टर्नओव्हर वाईटच असतो असंही नाही, गतीवर, म्हणजे चढत्या शेअरांमागे, चालणारा फंड शेअर झपाट्याने बदलणारच. खटकते ती विसंगती.

शेअरची संख्या कशी बदलली? ४० वरून ८५ वर गेली असेल तर एक तर फंडात पैसा फार आला, नाहीतर मॅनेजरचा स्वतःच्या निवडीवरचा भरवसा कमी झाला.

नवी खरेदी कधी झाली? एखादा शेअर आधीच दुप्पट झाल्यावर यादीत आला आणि मॅनेजर स्वतःला ‘व्हॅल्यू’वाला, म्हणजे स्वस्त शेअर शोधणारा, म्हणवत असेल तर त्या ओळीला लाल खूण करा. २०१८ ते २०२० या काळात स्वस्त शेअर शोधणारी पद्धत चांगलीच मागे पडली होती आणि मूठभर महागड्या शेअरांवर बाजार चालला होता. तेव्हा कोण आपल्या पद्धतीला धरून राहिला आणि कोण गुपचूप दुसऱ्या तांड्यात मिसळला, हे त्या वर्षांच्या मार्चच्या याद्यांत दिसतं. मॅनेजर तोच असेल तर त्या याद्या जरूर काढा.

रोकड किती? बाजार पडण्याआधी रोकड वाढवल्याचं श्रेय घेणारे बरेच असतात. पडल्यावर ती रोकड परत शेअरमध्ये केव्हा लावली, हे बघितल्याशिवाय ते श्रेय देऊ नका.

हे सगळं करायला एका फंडामागे दोनेक तास लागतात. परतावा चांगला आणि याद्या विसंगत, असा फंड म्हणजे साका पडलेला हापूस. वरून पिवळाधमक, काप काढल्यावर कळतं.

फंड नावाला सक्रिय आहे की निर्देशांकाचीच नक्कल करतोय, हे कसं ओळखायचं?

फंडाची आणि निर्देशांकाची यादी शेजारी ठेवा. दोन्हीत असलेल्या प्रत्येक शेअरचं जे वजन कमी असेल ते घ्या. फंडात ८ टक्के आणि निर्देशांकात १२ असेल तर ८. सगळ्यांची बेरीज करा. बेरीज ७० आली तर फंडाचा ७० टक्के भाग निर्देशांकच आहे आणि वेगळा भाग ३० टक्के. या वेगळ्या भागाला ॲक्टिव्ह शेअर म्हणतात.

आता खर्चाचा हिशेब. फंडाचा खर्च वर्षाला १.८ टक्के, इंडेक्स फंडाचा ०.२. वरचे १.६ टक्के तुम्ही फक्त त्या ३० टक्क्यांसाठी मोजता. १.६ भागिले ०.३ म्हणजे ५.३. त्या वेगळ्या भागाने निर्देशांकाला दरवर्षी ५.३ टक्क्यांनी हरवलं, तर तुम्ही इंडेक्स फंडाच्या बरोबरीला येता! लार्ज कॅप फंड घेण्याआधी हा हिशेब केलाच पाहिजे, कारण शंभर कंपन्यांच्या तळ्यात वेगळं करायला जागाच कमी असते. ॲक्टिव्ह शेअर जास्त म्हणजे फंड चांगला, असं मात्र नाही. चुकीचं पाणीही वेगळं पाणीच असतं.

फॅक्टशीटमधल्या जोखमीच्या आकड्यांपैकी कोणते वाचायचे?

दोन वाचले तरी पुरे.

इन्फर्मेशन रेशो: फंडाचा जादा परतावा भागिले त्या जादा परताव्यातला चढउतार. फंड १४, निर्देशांक १२ आणि फरकातला चढउतार ५ टक्के असेल तर उत्तर ०.४. उत्तर ऋण असेल तर मॅनेजरने निर्देशांकापेक्षा कमी दिलं. सेबीच्या जानेवारी २०२५ च्या परिपत्रकानंतर इक्विटी फंडांना हा आकडा जाहीर करावा लागतो.

डाउनसाइड कॅप्चर: बाजार पडला तेव्हा फंड त्याच्या किती टक्के पडला. चढताना ९८ आणि पडताना ८२ असलेला फंड घ्या. निर्देशांक १०० वरून १० टक्के चढून मग १० टक्के पडला तर ९९ वर येतो. फंड १०९.८ वर जाऊन १००.८ वर येतो. पडझडीत कमी पडणं इतकं मोलाचं का, तर ५० टक्के पडलेल्याला मूळ जागी यायला १०० टक्के चढावं लागतं.

रिस्कोमीटरकडे, म्हणजे जोखमीची पातळी दाखवणाऱ्या तबकडीकडे, बघून निवड होत नाही, बहुतेक सगळे इक्विटी फंड ‘अति उच्च’ जोखमीतच येतात.

तारांकित मानांकन?

ते बव्हंशी मागच्या परताव्यावरून येतं. ५ तारे बघून घेतलेला फंड तुम्ही घेतल्यावर ३ ताऱ्यांवर आला तर त्यात आश्चर्य नाही. गाळणी म्हणून वापरा, निर्णयासाठी नको.

फंड फार मोठा झाला तर काय बिघडतं?

लार्ज कॅपमध्ये फारसं नाही. स्मॉल कॅपमध्ये बरंच.

२०,००० कोटींच्या स्मॉल कॅप फंडाला एका शेअरमध्ये १ टक्का घालायचा तर २०० कोटी हवेत. कंपनीचं एकूण बाजारमूल्य ४,००० कोटी असेल तर ती झाली ५ टक्के मालकी. एवढे शेअर घेताना भाव चढतो आणि विकताना पडतो. शिवाय एका फंड घराण्याला आपल्या सगळ्या योजना मिळून एका कंपनीचे १० टक्क्यांपेक्षा जास्त मतदानाचे शेअर ठेवता येत नाहीत. मग मॅनेजर शेअरांची संख्या वाढवतो किंवा मोठ्या कंपन्यांकडे सरकतो. म्हणजे ज्या पद्धतीमुळे फंड नावाजला, तीच त्याला आता वापरता येत नाही.

२०२४ पासून मिड आणि स्मॉल कॅप फंड ताण चाचणी जाहीर करतात: २५ टक्के आणि ५० टक्के शेअर विकायला किती दिवस लागतील. एकट्या आकड्याला अर्थ नाही. त्याच वर्गातल्या चार फंडांशी आणि याच फंडाच्या वर्षभरापूर्वीच्या आकड्याशी ताडून बघा. पैसा फार झाल्यावर नवी गुंतवणूक घेणं थांबवणाऱ्या फंड घराण्याला आमच्या लेखी एक गुण जास्त.

मॅनेजर बदलला. आता?

लगेच विकू नका. पण मागचा सगळा इतिहास मनातून पुसा, कारण तो इतिहास जुन्या तांडेलाचा आहे, बोटीचा नव्हे.

फॅक्टशीटमध्ये प्रत्येक मॅनेजरच्या नावासमोर तो कधीपासून आहे हे लिहिलेलं असतं. नावं दोन-तीन असतात. परदेशी शेअरसाठी वेगळं नाव असेल तर ते मुख्य मॅनेजर समजू नका. नवा माणूस आधी कोणता फंड सांभाळत होता ते शोधा आणि त्या काळाचे रोलिंग रिटर्न काढा. मग १२ ते १८ महिने याद्या बघा. बदलाच्या दिवसाची यादी आणि वर्षानंतरची यादी यांतला समान भाग वरच्याच पद्धतीने काढा. तो ३० टक्क्यांवर आला असेल तर नाव तेच, फंड नवा. तो तुम्हाला हवा होता का, हा प्रश्न मग पहिल्यापासून विचारावा लागतो.

योजनेचं मूळ स्वरूप बदललं तर एक्झिट लोडशिवाय, म्हणजे बाहेर पडण्याचं शुल्क न देता, बाहेर पडायला किमान ३० दिवस मिळतात. मॅनेजर बदलला म्हणून ही सवलत मिळत नाही.

डायरेक्ट घ्यावा की रेग्युलर?

दोन्हींचा मॅनेजर एक, शेअर तेच. रेग्युलरमध्ये वितरकाचं कमिशन खर्चात धरलेलं असतं. १ लाख रुपये १५ वर्षं १२ टक्क्यांनी वाढले तर ५,४७,००० होतात, ११ टक्क्यांनी ४,७८,०००. एका टक्क्याची किंमत ६९,००० रुपये.

वितरक बाजार पडल्यावर तुम्हाला विकण्यापासून रोखत असेल, वारसनोंद आणि केवायसी सांभाळत असेल, तर ती किंमत वाया जात नाही. बँकेच्या काउंटरवर ठेव मोडायला गेलात आणि फॉर्मवर सही करून आलात, मग वर्षभर कुणाचा फोन नाही, तर वाया जाते. एक सावधानता: फंड पारखताना परतावा डायरेक्टचा आणि घेताना रेग्युलर, असं करू नका. डायरेक्टचा इतिहास जानेवारी २०१३ पासूनच आहे.

एनएफओ, म्हणजे नवा निघालेला फंड, १० रुपयांत मिळतो, म्हणजे स्वस्त ना?

नाही. १० रुपयांचं युनिट आणि ४०० रुपयांचं युनिट यांत स्वस्त-महाग काही नसतं, दोन्ही १० टक्के वाढले तर तुमचे पैसे तेवढेच वाढतात. एनएफओला यादी नाही, इतिहास नाही, पारखायला काहीच नाही.

फंड दोन वर्षं मागे आहे. विकू का?

मागे का आहे, ते आधी. पद्धत तीच, मॅनेजर तोच आणि सध्या त्या पद्धतीचे दिवस नाहीत, म्हणजे त्याच पद्धतीचे इतर फंडही मागे आहेत, असं असेल तर थांबा. त्याच पद्धतीचे बाकीचे पुढे आणि हा एकटाच मागे असेल तर चूक निवडीची आहे. पद्धतच बदलली असेल तर परतावा चांगला असतानाही बाहेर पडायला हरकत नाही. घेतानाचा तो चार ओळींचा कागद इथे कामाला येतो, म्हणून तो फेकू नका.

विकण्याचा खर्चही मांडा. १२ महिन्यांहून जास्त ठेवलेल्या इक्विटी फंडाच्या नफ्यावर वर्षाला सव्वा लाखापर्यंत कर नाही, त्यापुढे १२.५ टक्के आणि उपकर. १२ महिन्यांच्या आत विकलं तर २० टक्के, शिवाय बऱ्याच फंडांत १ टक्का एक्झिट लोड. ५ लाखांच्या गुंतवणुकीत २ लाख नफा असेल तर ७५,००० वर उपकर सोडून ९,३७५ रुपये कर बसतो, म्हणजे रकमेच्या जवळपास १.९ टक्के. तोच फंड अर्धा मार्चमध्ये आणि अर्धा एप्रिलमध्ये विकला, तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते आणि इतर नफा नसेल तर कर शून्य. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणं हीसुद्धा विक्रीच धरली जाते.

आमचे पैसे हंगामी. एसआयपी कशी बसवायची?

दर महिन्याची एसआयपी, म्हणजे खात्यातून आपोआप जाणारा ठरावीक हप्ता, ज्याच्या खात्यात दर महिन्याला पैसे येतात त्याच्यासाठी. जून-जुलैत खातं रिकामं असेल तर हप्ता परत जातो, बँक दंड लावते आणि मासिक एसआयपीचे लागोपाठ ३ हप्ते चुकले तर ती बंद होते.

बागायतदाराने मेअखेर हिशेब झाला की पुढच्या हंगामाचा फवारणी-खतांचा खर्च आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढावा. उरलेली रक्कम त्याच फंड घराण्याच्या लिक्विड फंडात, म्हणजे अगदी कमी मुदतीच्या रोख्यांच्या फंडात, टाकावी आणि तिथून एसटीपी, म्हणजे एका फंडातून दुसऱ्यात आपोआप जाणारा ठरावीक हप्ता, लावावी. १,२०,००० रुपये असतील तर दरमहा १०,००० याप्रमाणे १२ महिने इक्विटी फंडात जातील, तोवर पुढचा आंबा येतो. पहिला हप्ता ७ दिवसांनंतरचा ठेवा, लिक्विड फंडातून त्याआधी पैसे काढले तर थोडा एक्झिट लोड लागतो. आंब्याचं उत्पन्न शेतीचं म्हणून करमुक्त असलं, तरी लिक्विड फंडातला नफा करपात्र आहे. तो तुमच्या नेहमीच्या उत्पन्नात धरला जातो आणि प्रत्येक एसटीपी हप्ता ही विक्री असते.

मच्छीमारांनी ऑगस्ट ते मे एवढाच काळ धरून दहा हप्ते बसवावेत. एसआयपी तात्पुरती थांबवण्याची सोय बऱ्याच फंडांत असते, पण विनंती हप्त्याच्या तारखेआधी काही दिवस द्यावी लागते. १ तारखेच्या हप्त्यासाठी ३१ मे रोजी अर्ज केला तर जूनचा हप्ता जाणारच.